लाइल हॅस्केटच्या जादा गोळ्या

लाइल हॅस्केट आणि त्याचा धाकटा भाऊ ड्यूई, दोघं मिळून आमच्या टर्नर्स फोर्ड गावात टो-ट्रक चालवायचे. कुणाची गाडी चरात गेली, नदीकाठच्या चिखलात रुतली, हरणाला धडकून बंद पडली, की हॅस्केटांना फोन जायचा. लाइल ट्रक चालवतो आणि ड्यूई तोंड चालवतो, असं सगळे म्हणायचे. ड्यूई समोरच्याला बोलण्यात गुंतवायचा, हसवायचा, तेवढ्यात लाइल साखळ्या बांधून मोकळा व्हायचा.

मी वर्ना. पुलाजवळ माझं दुकान आहे. गळ, गांडुळं, बंदुका, काडतुसं असं सगळं तिथे मिळतं, आणि सकाळी सकाळी येणाऱ्यांना कॉफी. नवरा गेल्यापासून मी एकटीच बघते. मिझुरीच्या या डोंगराळ टोकाला शेरीफचा माणूस बोलावल्यावर तासाभराने येतो, त्यामुळे कमरेला काहीतरी असणं आमच्याकडे कुणाला वेगळं वाटत नाही. वाद होतो तो जादा गोळ्या किती ठेवायच्या यावर. बाकावर बसून माणसांनी माझ्या दुकानात या विषयावर जितकी कॉफी संपवलीय तितकी हवामानावरसुद्धा संपवली नसेल.

या वादात हॉबर्ट पुढे असायचा. हॉबर्ट म्हणजे आमचा जनावरांचा डॉक्टर, आता निवृत्त. त्याचा हिशोब ठरलेला होता. एक मॅगझिन, म्हणजे गोळ्या भरायची पेटी, पिस्तुलात, एक डाव्या खिशात, आणि त्या खिशात दुसरं काहीही नको, नाहीतर तंबाखूची भुकटी आत जाऊन स्प्रिंग अडकते. "जादा मॅगझिन काही लढाई करायला नसतं," तो सांगायचा. "पिस्तुलात बिघडतं ते मॅगझिनच. म्हणून दुसरं जवळ असावं. तिसरं ज्याला लागतं त्याने दुसऱ्या गावात जाऊन राहावं."

लाइलकडे त्या वेळी पाच गोळ्यांचं लहान रिव्हॉल्व्हर असायचं, ओव्हरऑलच्या खिशात. जादा एकही गोळी नाही.

"पाच?" हॉबर्ट म्हणायचा. "आणि संपल्यावर काय, बंदूक फेकून मारणार?"

"संपल्यावर ड्यूईला पुढे करीन," लाइल म्हणायचा. "हा बोलायला लागला की माणूस आपणहून पळतो."

"पळतो कुठला," ड्यूई म्हणायचा, "मला जेवायला घेऊन जातो."

त्या ऑक्टोबरात एका दुपारी शेरीफच्या कचेरीतून त्यांना फोन आला. जुन्या करवतीच्या गिरणीपाशी वळणावरच एक पिकअप बंद पडलाय, शाळेच्या बसला जागा उरत नाही, ओढून न्या. दोघं गेले. गाडी ट्रॅव्हिस लूमिस नावाच्या माणसाची होती. तो तिथे नव्हता. ड्यूईने साखळी लावली आणि तेवढ्यात लूमिस झाडीतून आला. बरेच दिवस झोपला नसावा असा त्याचा चेहरा होता. गाडीला हात लावू नका म्हणाला. ड्यूई नेहमीसारखाच बोलायला लागला, अरे बाबा, तुझीच गाडी आहे, आम्ही फक्त बाजूला घेतोय, चल, तूही बस, कॉफी पाजतो. लूमिसने पिकअपचं दार उघडलं, पिस्तूल काढलं आणि ड्यूईच्या पोटात गोळी घातली.

पुढचं लाइलने मला बऱ्याच काळानंतर सांगितलं. दुकानात तेव्हा कुणी नव्हतं. गल्ल्याजवळ उभा राहून, काचेखालच्या चाकूंकडे बघत तो बोलत होता.

"मी ट्रकच्या मागे होतो. तिथून गोळ्या झाडल्या. त्याला एकही लागली नाही. एक त्याच्या गाडीच्या आरशाला लागली, काच फुटलेली ऐकू आली. मग नुसतं खट. मी परत चाप ओढला, परत खट. त्यालाही ऐकू गेलं. तो वळला. मला म्हणाला, 'संपल्या?'"

मी हातातला कप खाली ठेवला.

"ओरडून नाही गं, वर्ना. दुकानात आपण विचारतो ना, ब्रेड संपला का, तसा. आणि मी म्हणालो, 'हो.'"

"मग?"

"मग काही नाही. माझ्याकडे बघितलं जरा वेळ आणि झाडीत निघून गेला. मी ट्रकखाली शिरलो आणि तसाच पडून राहिलो. ड्यूई हाका मारत होता. मी गेलो नाही. मला वाटलं हा परत येईल आणि माझ्याकडे काही नाही. मी गेलो तोवर ड्यूई हाका मारायचा थांबला होता."

डॉक्टरांनी नंतर लाइलला समजावलं होतं की ती गोळी यकृतातून गेली होती, आमच्या भागातून दवाखाना जितका लांब आहे ते बघता कुणीच काही करू शकलं नसतं. हॉबर्टनेही समजावलं. घाबरलेल्या माणसाने इतक्या अंतरावरून लहान रिव्हॉल्व्हरने पाच झाडल्या काय आणि पन्नास झाडल्या काय, सारखंच. लाइल मान हलवायचा. पण ड्यूईला पुरून आल्यावर दुसऱ्याच आठवड्यात तो दुकानात आला आणि रिव्हॉल्व्हर गल्ल्यावर ठेवून म्हणाला, "याच्या बदली मोठं काहीतरी दे. आणि त्याची दोन मॅगझिनं जादा."

मी दिलं. हरणासारखं भेदरलेलं गिऱ्हाईक आलं तर त्याला काय हवं ते द्यावं आणि बसवून कॉफी द्यावी, असं माझा नवरा म्हणायचा. कॉफी त्याने घेतली नाही.

दोनावर थांबला असता तर त्याला कुणी काही म्हटलं नसतं. आमच्याकडे दोनवाले बरेच आहेत. पण थंडीत तो आला आणि आणखी दोन घेऊन गेला. पट्टा बदलला, जाड चामड्याचा घेतला. वसंतात ओव्हरऑलच्या छातीच्या खिशातही मॅगझिनं दिसायला लागली, मग घोट्याला लहान पिस्तूल आलं, आणि त्याचं मॅगझिन दुसऱ्या घोट्याला. पट्टा घसरतो म्हणून खांद्यावरून गॅलिस घेतले. ट्रकमध्ये सीटखाली गोळ्यांचा लोखंडी डबा. बाकावरचे लोक सुरुवातीला चेष्टा करायचे. "लाइल, नदीपाशी जाऊ नकोस बाबा, पडलास तर गाळातच बसशील." तो हसायचा. नंतर चेष्टा कुणी करेना, आणि तो बाकावर बसेना. पट्ट्यामुळे त्याला बसताच यायचं नाही नीट.

एकदा मी त्याला सरळ विचारलं, "किती झाल्या म्हणजे पुरे होतील, लाइल?"

त्याने खरंच विचार केला. "तेच मला कळत नाही," तो म्हणाला. "रोज सकाळी पलंगावर सगळं मांडतो. म्हणतो, आज एवढं पुरे. दारापर्यंत जातो आणि मला त्याचा आवाज येतो. संपल्या? मग परत जातो आणि आणखी एक घेतो."

ग्लेना, त्याची बायको, चर्चमध्ये माझ्या शेजारी बसायची. लाइल पूर्वी तिच्या पलीकडे बसायचा, मग तो मागच्या भिंतीला टेकून उभा राहायला लागला, मग बाहेर ट्रकमध्ये बसायला लागला. पास्टर बिचारे प्रवचन झाल्यावर पार्किंगमध्ये जाऊन खिडकीतून त्याच्याशी हात मिळवायचे.

लूमिसला पकडायला फार दिवस लागले नाहीत. मावशीच्या घरी माळ्यावर सापडला. पण त्याचं म्हणणं असं की हॅस्केट भावांनी आधी गोळी झाडली, मी जीव वाचवला. आरसा फुटलेला होता, गाडीत लाइलच्या गोळीचं भोक होतं. ड्यूई गेला होता. आधी काय झालं ते सांगणारा एकटा लाइल उरला होता.

खटल्याच्या दिवशी ग्लेनाने मला बरोबर यायला सांगितलं. काउंटीच्या गावचं कोर्ट म्हणजे विटांची साधी इमारत, पण दारात धातू तपासणारी चौकट आहे आणि आत शस्त्र नेता येत नाही. लाइलला हे ठाऊक होतं. त्याने चर्चचा कोट घातला होता. पार्किंगमध्ये ट्रकचं दार उघडून तो एकेक वस्तू काढून सीटवर ठेवायला लागला. पट्ट्यावरचं पिस्तूल. डाव्या बाजूची मॅगझिनं. कोटाच्या आतल्या खिशातली. मग खाली वाकून घोट्याचं. सगळं काढून झाल्यावर तो उभा राहिला तेव्हा त्याची पँट ढिली होऊन खाली सरकत होती. त्याने ती एका हाताने धरली. मला आठवतं, ग्लेनाने तोंड फिरवलं.

आम्ही तिघं पायऱ्यांपर्यंत गेलो. वर दारात शेरीफचा हवालदार उभा होता, चांगला माणूस, त्याचा बाप आमच्या दुकानात येतो.

"या, मिस्टर हॅस्केट," तो म्हणाला. "मी आत तुमच्या शेजारीच बसणार आहे. माझ्याकडे आहे ना सगळं. तुम्ही फक्त काय झालं ते सांगायचं."

"तुझ्याकडे जादा किती आहेत?" लाइलने विचारलं.

"दोन मॅगझिनं आहेत, सर."

लाइलने मान हलवली. पहिल्या पायरीवर पाय ठेवला, काढला. त्याच्या कपाळावरून घाम गळत होता. "तो आत आहे का?"

"बेड्या घालून बसवलाय. हलूही शकत नाही."

"मी येतो," लाइल म्हणाला. "जरा ट्रकमध्ये काहीतरी राहिलंय." आणि तो वळून चालायला लागला. ग्लेना त्याच्यामागे धावली, बाही धरली. "लाइल, ड्यूईसाठी. एवढं एकदा." त्याने तिचा हात हळूच सोडवला. ट्रकमध्ये बसून त्याने दार आतून लावून घेतलं आणि ते सगळं परत अंगावर चढवायला लागला.

सरकारी वकील बाहेर येऊन गेले. दुसरी तारीख घेतली. त्या तारखेला लाइल घरूनच निघाला नाही. ओढून आणून उभं केलं तरी असा साक्षीदार काय बोलणार, म्हणून शेवटी वकिलांनी लूमिसच्या वकिलाशी बोलून हलका गुन्हा कबूल करवून घेतला. खुनाचा गुन्हा गेला. जन्मभर आत राहायच्या माणसाला पंधरा वर्षांची शिक्षा झाली.

ते ऐकल्यावर ग्लेना माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसली. रडली नाही. "ड्यूईला त्याने एकदा मारलं," ती म्हणाली, "आणि हे मी लाइलला कधी बोलणार नाही, पण..." तिने पुढचं सांगितलं नाही. मी तिला सफरचंदाच्या पायचा तुकडा कापून दिला, तो तिने पूर्ण खाल्ला, बशी धुतली आणि घरी गेली.

टो-ट्रकचं काम बंद पडलं. लाइल एकटा जायचा नाही, आणि दुसरं कुणी त्याच्याबरोबर जायला तयार नव्हतं, कारण गाडी अडकलेल्या बाईने खिडकीतून बघावं तर समोर हा, अंगभर मॅगझिनं लावून. दोन-तीन जणींनी शेरीफलाच फोन केला.

त्याची मुलगी जनेल स्प्रिंगफील्डला असते. थँक्सगिव्हिंगला तिने सांगितलं, "डॅडी, घरात लहान मूल रांगतंय. सगळं ट्रकमध्ये ठेवून ये, कुलूप लाव, मी स्वतः पहारा देते." तो गेला, पण घरात गेला नाही. अंगणात ट्रकचं मागचं फळकूट खाली पाडून, त्यावर ताट ठेवून उभ्याउभ्या टर्की खाल्ली. जावई दोनदा ताट भरून घेऊन बाहेर आला. नातीला खिडकीतून दाखवलं. पुढच्या वर्षी त्याला बोलावणं आलं नाही, आणि आलं असतं तरी तो गेला नसता, असं ग्लेना म्हणाली.

वजनाने त्याची उजवी मांडी बधिर झाली. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, पट्टा काढा, शिरेवर दाब येतोय. तो म्हणाला, बघतो. मग खुबा दुखायला लागला. ऑपरेशन करायचं तर तीन दिवस हॉस्पिटलमध्ये राहायला हवं, आणि तिथे हे काही चालत नाही. तेव्हा तो विषय संपला. ग्लेना बरीच वर्षं टिकली. शेवटी तिने एक दिवस दोन बॅगा भरल्या. "मी त्याला सोडत नाहीये," मला म्हणाली, "पण रात्री कूस बदलली की मला टोचतं गं, वर्ना. झोपतानाही काढत नाही तो." ती जनेलकडे गेली. दर रविवारी फोन करायची. तो उचलायचा, हवामान सांगायचा.

दुकानात मात्र तो येत राहिला. त्याच्या बोटांत संधिवात शिरला होता. मॅगझिनात गोळी दाबून बसवायला अंगठ्यात जोर लागतो, शेवटच्या गोळ्या तर चांगल्या धडधाकट माणसालाही छळतात. त्याने फिरवून फिरवून वापरायची पद्धत ठेवली होती, स्प्रिंग थकू नये म्हणून. आठवड्यातून एकदा तो त्यातली निम्मी रिकामी करून पिशवीत घालून आणायचा आणि मी ती भरून द्यायची. माझे अंगठे अजून चांगले आहेत. मी भरायची आणि तो दाराकडे तोंड करून उभा राहायचा.

एका उन्हाळ्यात ट्रॅव्हिस लूमिस सुटला. आम्हाला सगळ्यांना कळलं, लाइललाही कळलं. हॉबर्ट तोवर काठी घेऊन चालायला लागला होता, तो मला हळू आवाजात म्हणाला, "आता बघ. आता याला ती मॅगझिनं खरंच लागतील." आम्ही सगळे वाट बघत होतो. लूमिस पलीकडच्या काउंटीत बहिणीकडे राहायला गेला होता, तिच्या कोंबड्या सांभाळत होता, असं कानावर यायचं.

मग शरद ऋतूत एका दुपारी लाइल आला. त्याचा रंग उडालेला होता. मी स्टूल पुढे केलं तर चक्क बसला, पट्ट्यासकट, वाकडातिकडा.

"जनावरांच्या खाद्याच्या दुकानात होतो," तो म्हणाला. "मांजरांचं घ्यायला. बाहेर पडत होतो, आणि तो आत येत होता."

"लूमिस?"

"म्हातारा झालाय. दात नाहीत. मी दारात थबकलो. माझा हात इथे," त्याने कंबर दाखवली. "त्याने माझ्याकडे बघितलं. सरळ बघितलं. आणि दार धरून उभा राहिला, मला म्हणाला, 'सावकाश, आजोबा, पायरी तुटलीय.'"

"आणि तू?"

"मी बाहेर आलो. तो आत गेला. काचेतून बघत राहिलो मी. कोंबड्यांच्या खाद्याचं पोतं खांद्यावर घेतलं त्याने, मागच्या दाराने गेला." लाइल थांबला. "त्याने मला ओळखलं नाही, वर्ना."

मला, खरं सांगते, त्या क्षणी थोडी आशा वाटली. मी गल्ल्यामागून बाहेर येऊन त्याच्या शेजारी बसले. "मग झालं की, लाइल. तो येणार नाही. त्याला तू माहीतसुद्धा नाहीस. आता तरी उतरव हे. आत्ता इथेच उतरव, मी ठेवते आत. ग्लेनाला फोन करू आपण."

त्याची बोटं पट्ट्याच्या बकलापर्यंत गेली होती, मी बघितलं.

"त्याला आठवतच नाही," तो म्हणाला. "म्हणजे ड्यूई तिथे पडला होता, हाका मारत होता, ते आता एकट्या मलाच आठवतं." मग त्याने बकलावरून हात काढून घेतला. "तो नाही आला तर दुसरा कुणी येईल. मला काय माहीत कोण येईल."

त्याने पिशवी गल्ल्यावर ठेवली. मी भरायला बसले.

त्या हिवाळ्यात तो अंगणात बर्फावर पडला. खुबा मोडला. टपालवाल्या बाईला दिसला तेव्हा अंग निळं पडत आलं होतं. ॲम्ब्युलन्सवाल्या पोरांनी कात्रीने पट्टा कापायला घेतला तर हा त्यांच्याशी झोंबला. एकाला चावला. ग्लेना आली, जनेल आली, ऑपरेशनच्या कागदांवर सह्या झाल्या. हॉस्पिटलमधून त्याला काउंटीच्या गावच्या शुश्रूषागृहात ठेवलं, कारण घरी त्याच्याकडे बघणारं कुणी नव्हतं, आणि जनेलकडे तो जाईना.

मी महिन्यातून एक-दोनदा जाते. भाजलेला कॅटफिश मासा आणि पावासारखी मऊ बिस्किटं घेऊन जाते, तो दोन घास खातो. खोली चांगली आहे, खिडकीतून कुरण दिसतं. त्याने खुर्ची खिडकीपासून काढून कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून ठेवून घेतलीय. जेवायच्या हॉलमध्ये जात नाही. पत्ते खेळायला जात नाही. नर्स सांगतात, कुणी दार न वाजवता आत आलं की तो दोन्ही हात वर करतो आणि खाली घ्यायला त्याला फार वेळ लागतो. पोरी आता बाहेरूनच नाव सांगून आत येतात.

गेल्या वेळी गेले तेव्हा मीही बाहेरून माझं नाव सांगितलं. तो कोपऱ्यात बसलेला, गुडघ्यांवर घोंगडी.

"एकटीच आलीस?" त्याने विचारलं.

"एकटीच."

"वाटेत कुणी दिसलं?"

"कुणी नाही, लाइल. नर्स होत्या."

"बरं," तो म्हणाला. "दार लाव."

मी दार लावलं आणि त्याच्यासमोर बसले. थोडा वेळ आम्ही पावसाबद्दल बोललो. मग मी निघेपर्यंत तो दाराकडे बघत बसला.